सेंट आल्बन्सचा पहिला बाक

लिओटा फेदरस्टनला हॉलिस लँडिंग गावातलं सगळं माहीत होतं आणि ती कुणाला काही सांगत नसे. त्यामुळे गावात तिला मान होता, आणि मानाच्या दुप्पट तिची धास्ती होती. टेलिफोनचं एक्स्चेंज तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत. कुणाला कुणाशीही बोलायचं असो, आधी लिओटाला हाक मारायची, मग तिनं वायर खोचायची, मग पुढचं. वायर खोचताना चार शब्द कानावर पडणारच. बाई काही कानात बोळे घालून बसत नव्हती. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाच्या मुलीनं कुणाला वाटेला लावलं, डॉक्टरांनी कुणाला बिअर सोडायला सांगितली आणि त्यानं त्याच संध्याकाळी दुकानातून काय मागवलं, ते सगळं लिओटाच्या पोटात जायचं आणि तिथंच राहायचं. पन्नाशी उलटली तरी तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलेलं कुणाला आठवत नाही. लग्न तिनं केलं नव्हतं. इतक्या संसारांची बोलणी ऐकल्यावर भूकच मरते, असं ती म्हणायची.

तिचा जीव होता तो सेंट आल्बन्स चर्चवर. आम्हा मूठभर एपिस्कोपल पंथाच्या लोकांचं ते चर्च, नदीकाठच्या रस्त्यावर, बाहेरून पांढरं, दार लाल. ते बांधलं लाकडाचे तराफे नदीतून खाली नेणाऱ्या लोकांनी. पहिल्या फादरनं त्यांच्या हातात नकाशांचं एक पुस्तक दिलं, आणि त्यातला नकाशा होता दगडी चर्चचा. या लोकांनी जन्मात दगडाला हात लावलेला नव्हता. त्यांनी जे जे दगडाचं काढलं होतं ते ते पाइनच्या लाकडात करून टाकलं. टोकदार खिडक्या लाकडाच्या, त्यांच्यावरची वेलबुट्टी लाकडाची, आणि दगडी भिंती बाहेर कलू नयेत म्हणून जे टेकू देतात तेही लाकडाचे. त्या टेकूंवर आजतागायत कसलाही भार नाही. नकाशात होते म्हणून आहेत. छप्पर होड्या बांधणाऱ्या दोघा भावांनी केलं; त्यांना होडीखेरीज काही येत नव्हतं, तेव्हा त्यांनी होडीच बांधली आणि उलटी घातली. घंटा आहे ती वाळूत रुतून बसलेल्या एका आगबोटीची. वेदीमागच्या रंगीत काचेत हातात स्वर्गाच्या किल्ल्या घेतलेला एक दाढीवाला संत आहे. तो सेंट पीटर हे शेंबडं पोरही सांगेल. कारखान्याकडून खोकं चुकीचं आलं, आणि परत पाठवायचं तर नदी गोठलेली. बर्फ वितळेपर्यंत लोकांना त्याची सवय झाली. तेव्हापासून त्याला आल्बन म्हणतात, आणि तोही काही तक्रार करत नाही.

पुढे एका मोठ्या पुरात हे चर्च पाण्यानं अलगद उचललं आणि पाणी ओसरल्यावर ते वीतभर उत्तरेला सरकून बसलेलं सापडलं. कुणी ते परत जागेवर आणायच्या भानगडीत पडलं नाही.

आता बाकांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं बाकांमुळे झालं. सेंट आल्बन्समध्ये गेलात तर पुढच्या सहा रांगा कोऱ्या करकरीत दिसतील. त्यांच्यावरचं व्हार्निश तराफेवाल्यांनी लावलं तेच. मागच्या रांगा मात्र तीन पिढ्यांच्या बुडांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. आम्ही एपिस्कोपल लोक नाटकाला गेलो तर पुढच्या खुर्चीसाठी भांडू, पण चर्चमध्ये पुढे बसायचं म्हणजे आमच्या जिवावर येतं. एक तर ते मिरवल्यासारखं दिसतं. दुसरं कारण कुणी कबूल करत नाही. आमच्या उपासनेत कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, याचा हिशेब इतका किचकट आहे की जन्मभर येणारा माणूसही डोळ्याच्या कोपऱ्यातून पुढच्याकडे बघत असतो. पुढे कुणी नसेल तर बघायचं कुणाकडे? सगळ्यांत पुढे, म्हणजे सातव्या रांगेत, म्हाताऱ्या पिकेन्सबाई बसत. त्या उठल्या की चर्च उठे, त्या टेकल्या की चर्च टेके. लिओटाची जागा अगदी शेवटच्या बाकावर, घंटेच्या दोराशी.

एकोणीसशे चौपन्न साली नदीकाठचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि सेंट आल्बन्स नेमकं मध्ये आलं. चर्चच्या कमिटीचा मुख्य होता थर्लो बॅस्कम. त्याची लाकडाची आणि विटांची वखार होती. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळ्या अडचणींवर वीट हाच उपाय सुचत असे.

"मोडून टाकू," बॅस्कम सभेत म्हणाला. "नवं बांधू. विटांचं, तळघर असलेलं, पाय गरम राहतील असं. इतकी वर्षं आपण देवाची प्रार्थना करतोय की थंडीनं कुडकुडतोय, तेच कळत नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून लिओटा उठली.

"टेकडीवर आपल्या दफनभूमीशेजारी जागा आहे," ती म्हणाली. "चर्च आहे तसं उचलून तिथं न्यायचं."

"अगं लिओटा, ते चर्च आहे. कोंबड्यांचं खुराडं नाही."

"पुरात गेलं होतं की वीतभर. तेव्हा तर त्याला कुणी जा म्हणूनही सांगितलं नव्हतं."

लोक हसले. बॅस्कमही हसला, आणि हसता हसताच त्यानं टेबलावर बोट ठेवलं. "ठीक आहे. न्या. पण फादर, हे लिहून घ्या. वाटेत जिथं अडेल तिथंच मोडायचं. माझे गडी पहारी घेऊन मागून चालत येतील."

फादर एम्ब्री गावात नवे होते, कोवळे आणि उंच, जोरात वारा आला तर धरून ठेवावं लागेल असे. त्यांनी ते मुकाट्यानं लिहून घेतलं. लिओटा घरी आली आणि स्विचबोर्डासमोर बसली. तिचा बाप्तिस्मा त्या उलट्या होडीखाली झाला होता. वडील गेले तेव्हा ती तिथंच जाऊन बसली होती, आई गेली तेव्हाही. नवरा नाही, मूल नाही. आयुष्यात जे काही झालं ते त्या छपराखाली झालं. ते मोडलं तर आपण बेघर होऊ असं तिला वाटत होतं, आणि हे स्वतःच्या घरात बसून.

घरं हलवणारा माणूस त्या भागात एकच होता, आन्सगार त्वेइत. खोऱ्याच्या वरच्या अंगाला नॉर्वेजियन लोकांची वस्ती होती, तिथला. धिप्पाड, विधुर, लुथरन पंथाचा. कमी बोलणारा, पण घर हलवताना घराशी मात्र बोलायचा. त्यानं चर्चभोवती एक फेरी मारली, लाकडी टेकूंवर टिचकी मारून बघितली आणि विचारलं, "हे काय धरून ठेवतात?"

"काही नाही," लिओटा म्हणाली.

"मग मजेत आहेत," असं म्हणून तो गेला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन यायला लागला. सुरुवातीला तुळया किती जाड, घंटेचं वजन काय, जमीन किती ओली. मग लिओटानं जेवायला काय केलं. मग आपण केलेली कॉफी बायको गेल्यापासून कधीच नीट का होत नाही. एकदा त्यानं सांगितलं की त्याची आई गायींना घरी बोलवायला एक सूर लावायची, वर चढून मध्येच खाली घसरणारा, आणि तो त्यानं फोनवर गाऊन दाखवला. लिओटानं तो परत म्हणून दाखवला. त्याला तो आवडला, म्हणून तिनं दुसऱ्या दिवशीही म्हटला. मग तो रोजचाच झाला. खोऱ्यातल्या तारेवर सात घरं होती, एकाचा फोन वाजला की सात जणांनी उचलावा अशी सोय, आणि मधूनमधून तारेत टकटक आवाज येत. लिओटाला वाटे, हवा दमट आहे.

ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची तार ऐकली तिला हे सुचू नये, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

न्यायचा दिवस उजाडला तो शनिवारचा. चर्चखाली दोन लांबलचक लोखंडी तुळया, तुळयांखाली चाकं, पुढे आन्सगारचा ट्रक. वेदीची बाजू पुढे, घंटेचा मनोरा मागे. मनोऱ्याला अडू नयेत म्हणून रस्त्यावरच्या टेलिफोनच्या तारा सकाळीच उतरवल्या होत्या, त्यामुळे गावाचं बोलणं बंद आणि लिओटाला तीस वर्षांत पहिली सुट्टी. तिनं निळी हॅट घातली. फोन बंद म्हणून सगळं गाव रस्त्यावर आलेलं. मेथडिस्ट लोक आपल्या चर्चच्या पायरीवर खुर्च्या टाकून बसले, गुत्त्यातले लोक ग्लास हातात घेऊनच बाहेर आले. बायकांनी केक आणले, हॅम आणलं, अंड्यांचं सॅलड आणलं. सेंट आल्बन्सनं पहिला हिसका घेतला, करकरलं, घंटा एकदा टण् करून वाजली आणि चर्च चालायला लागलं.

ते दृश्य बघून लिओटाला हसू फुटलं ते थांबेना. लाल दार मागे, दाराला तीन पायऱ्या होत्या त्या आता नाहीत, आणि किल्लीवाला संत पुढच्या काचेतून गाडीवानासारखा रस्ता बघतोय. ती ट्रकशेजारून चालत होती, पळत होती, परत मागे जाऊन मनोरा बघत होती. बॅस्कमचे गडी पहारी खांद्यावर टाकून मागून येत होते. त्यांच्याही हातात केक होता.

रेल्वेच्या फाटकापर्यंत सगळं सुरळीत झालं. फाटकापाशी रुळांसाठी उंचवटा केलेला आहे. ट्रक तो चढून पलीकडे उतरला, चर्चही चढलं, आणि नेमकं मधोमध माथ्यावर त्याचं पोट टेकलं. मागचा मनोरा जड, त्यामुळे मागची चाकं रस्त्यात रुतलेली आणि पुढची चाकं हातभर हवेत. ट्रकनं ओढलं. चाकं हवेतच फिरली. पुन्हा ओढलं. साखळी कडाडली आणि चर्च जागच्या जागी डुललं.

स्टेशनमास्तर घड्याळ हातात घेऊन धावत आला. "मालगाडी यायचीय! मी तिला अलीकडच्या स्टेशनात थांबवतो, पण फार वेळ नाही. नंतर रेल्वेची क्रेन येईल, आणि ती क्रेनवाली मंडळी काही नाजूक हाताची नाहीत."

"क्रेन कशाला?" बॅस्कम म्हणाला. "अडलं ना? ठरल्याप्रमाणे इथंच मोडू. हे माझे गडी." गड्यांनी केक संपवला आणि हात पुसले.

लिओटाचं हसू कुठल्या कुठे गेलं. ती आन्सगारकडे वळली. "काहीतरी करा हो."

आन्सगार तुळईखाली वाकून बघत होता. तो उठला, चर्चच्या भिंतीवर हात ठेवून पुटपुटत काहीतरी बोलला, आणि मग म्हणाला, "तराजू झालाय याचा. पुढे थोडं वजन पडलं तर नाक खाली येईल, चाकं टेकतील, आणि मी ओढून घेईन. पोती आणायला वेळ नाही. माणसं चालतील. तुमच्या चर्चची माणसं किती?"

"इथंच आहेत सगळी!" लिओटा ओरडली. "चला! सगळे आत चला!"

दाराला शिडी लावली. सेंट आल्बन्सची सगळी मंडळी हॅटी सावरत, सॅलडची भांडी हातात घेऊन वर चढली. फादर एम्ब्री चढले. मोडा म्हणणारा बॅस्कमही चढला, कारण सगळे आत आणि आपण एकटे बाहेर हे बरं दिसलं नसतं. सरतेशेवटी लिओटा चढली. आन्सगार बाहेरून ओरडला, "बसले का?"

"बसले!"

आणि चर्चनं मागच्या बाजूला असा काही गचका खाल्ला की घंटा तीनदा वाजली आणि अंड्यांचं सॅलड डॉक्टर व्हीलक यांच्या मांडीवर गेलं.

लिओटानं समोर बघितलं. सगळे आपापल्या जागी बसले होते. सातव्या रांगेपासून मागे, ठरलेल्या बाकावर, ठरलेल्या कोपऱ्यात. पुढच्या सहा रांगा मोकळ्या.

"पुढे!" आन्सगार खालून बोंबलला. "मी पुढे म्हणालो! वेदीकडे!"

कुणी हललं नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता.

"हा आमचा बाक आहे," लूमिस बहिणींपैकी थोरली म्हणाली. "आमच्या आजीपासूनचा."

"पहिल्या रांगेत बसून मी काय करू?" डॉक्टर सॅलड पुसत म्हणाले. "लोकांना वाटेल, मला काहीतरी झालंय."

"अहो, चर्च मोडणार आहेत!" लिओटा म्हणाली.

"ते फार वाईट होईल," सगळे म्हणाले, अगदी मनापासून, आणि बसून राहिले.

लिओटाला एक गोष्ट सुचली. आमची माणसं पुढे जातात ती एकाच कारणासाठी, प्रभुभोजन घ्यायला. ती फादरच्या कानाशी लागली. फादर एम्ब्री पांढरेफटक पडले, पण वेदीपाशी गेले आणि त्यांनी सुरुवात केली. आणि काय सांगावं, सवय ती सवय! सातवी रांग उठली, निघाली, वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली. चर्चचं नाक खाली झुकायला लागलं. बाहेरून आन्सगारची आरोळी आली, "येतंय! येतंय!" पण भाकरी आणि द्राक्षारस घेऊन झाल्यावर माणसं काय करतात? हात जोडून, मान खाली घालून, शांतपणे आपल्या जागेवर परत येतात. नाक वर गेलं. आठवी रांग गेली, नाक खाली. आठवी परत आली, नाक वर. सेंट आल्बन्स रेल्वेच्या फाटकावर पाळण्यासारखं झुलत होतं, घंटा वाजत होती, गुत्त्यातले लोक खाली-वर, खाली-वर असा ताल धरून ओरडत होते, आणि आतमध्ये एकाही माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

शेवटची रांग परत येऊन बसली. स्टेशनमास्तरनं शिट्टी फुंकली. खिडकीतून लिओटाला दिसलं की गड्यांनी पहारी खांद्यावरून खाली घेतल्या आहेत.

ती शेवटच्या बाकापाशी उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच वेळी तिला इतका संताप आला होता की हॅटवरचं पीस थरथरत होतं. ती मोठ्यानं म्हणाली, "तीस वर्षं मी स्विचबोर्डावर बसले. तीस वर्षं मी कुणाचं काही बोलले नाही."

डॉक्टरांचा सॅलड पुसणारा रुमाल अर्ध्यावरच राहिला.

"डॉक्टर व्हीलक," लिओटा म्हणाली, आणि तिनं छाती भरून श्वास घेतला.

डॉक्टर उठले. सॅलडसकट ते चालत पहिल्या रांगेत जाऊन बसले.

"लूमिस भगिनी," लिओटा म्हणाली, आणि तिनं पुन्हा श्वास घेतला.

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. "तू काय केलंस?"

"मी कुठं? तूच काहीतरी केलं असशील!" दोघी एकमेकींना ढकलत पुढे पळाल्या.

मग नाव घ्यायचीही गरज उरली नाही. लिओटानं नुसती मान वळवावी आणि माणसं उठावीत. काही तर तिची नजर पोचायच्या आतच निघाली. रांगाच्या रांगा रिकाम्या व्हायला लागल्या. बॅस्कम मात्र हाताची घडी घालून बसला होता.

"मिस्टर बॅस्कम," लिओटा म्हणाली. "गेल्या वर्षी, कापणीच्या आधी..."

"लिओटा!" बॅस्कमचा चेहरा त्याच्या विटांच्या रंगाचा झाला. "तू तसली बाई नाहीस!"

"नव्हते," लिओटा म्हणाली, आणि श्वास घेतला. तो ताडकन उठला आणि पुढे गेला. ती काय सांगणार होती, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

मागे राहिल्या फक्त पिकेन्सबाई, सातव्या रांगेत, ऐंशीच्या पुढच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. लिओटानं त्यांच्याकडे बघितलं, पण श्वास घेतला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्या बाई उभ्या जन्मात फोनवर हवापाणी आणि गुडघेदुखीपलीकडे काही बोललेल्या नव्हत्या.

"माझं काहीच नाही का गं?" पिकेन्सबाईंनी विचारलं, आणि त्यांचा आवाज इतका पडला होता की लिओटाला भडभडून आलं.

"तुमचं?" लिओटा म्हणाली. "पिकेन्सबाई, तुमचं सांगायला घेतलं तर मालगाडी येऊन जाईल, परत येईल, तरी संपायचं नाही!"

पिकेन्सबाई लाजल्या. मग उठून, मान ताठ करून, सगळ्यांकडे बघत बघत त्या अशा काही पहिल्या रांगेत जाऊन बसल्या की राणी काय जाईल.

चर्च झुकलं. चाकं जमिनीपासून वीतभर उंच राहिली. मग बोटभर. आणि तिथंच थांबली.

"अजून एक!" बाहेरून आन्सगारची हाक आली. "फक्त एक माणूस!"

पुढच्या रांगांमधली सगळी तोंडं मागे वळली. मागे, दोराशी, एकटी लिओटा उभी होती. तिनं दोर घट्ट धरला. इथून तिनं सगळ्यांची पाठ बघितली होती, सगळ्या गावाची पाठ; तिची पाठ कधी कुणी बघितली नव्हती.

मग बॅस्कम सावकाश उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मोठा आनंद पसरत चालला होता. "मिस लिओटा फेदरस्टन," तो म्हणाला, आणि त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"माझं काय?" लिओटा म्हणाली. "माझं काही नाही."

"खोऱ्यातल्या तारेवर सात घरं आहेत," बॅस्कम म्हणाला. "त्यातलं एक माझ्या मेव्हणीचं." आणि तो बोलला काही नाही, नुसता गुणगुणायला लागला. वर चढून मध्येच खाली घसरणारा सूर. गायींना घरी बोलवायचा.

थोरली लूमिस त्यात मिसळली. मग धाकटी. मग डॉक्टर, खर्जात. मग अख्ख्या पुढच्या सहा रांगा तो सूर गुणगुणायला लागल्या, अगदी बिनचूक, चढ-उतारांसकट. वेदीपाशी उभे असलेले फादर एम्ब्रीसुद्धा गुणगुणत होते, आणि ते तर गावात नवे.

लिओटाचे कान तापले, गाल तापले, पार हॅटपर्यंत तापली ती. सगळ्या गावाचं पोटात ठेवणारी ती, आणि सगळ्या गावानं तिचं पोटात ठेवलं होतं. चार महिने. आणि एकानंही तिला चिडवलं नव्हतं. तिला रडू येत होतं आणि हसूही फुटत होतं, दोन्ही एकदम, आणि बाहेर, खिडकीखाली, आन्सगार त्वेइत टोपी हातात घेऊन तोंड उघडं टाकून उभा होता, कारण त्यालाही ऐकू आलं होतं.

तिनं दोर सोडला आणि ती पळत सुटली. मधल्या वाटेनं, निळी हॅट एका हातानं धरून, सातवी रांग ओलांडून, सगळ्यांच्या देखत, ती पहिल्या बाकावर जाऊन आदळली. सेंट आल्बन्सनं वाकून नमस्कार केल्यासारखं नाक खाली टेकलं. चाकं जमिनीला लागली. ट्रक गरजला, साखळी ताणली गेली, आणि चर्च आतल्या माणसांसकट, केक आणि सॅलडसकट, फाटकाच्या पलीकडे उतरलं. मागून मालगाडी गेली. तिच्या ड्रायव्हरनं शिट्टी वाजवली, बहुधा घाबरून. त्या उतारावरून टेकडीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत सगळे गातच होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं बॅस्कम गात होता. त्याचे गडी रिकाम्या पहारी घेऊन घरी गेले.

संध्याकाळी चर्च दफनभूमीशेजारी आपल्या नव्या पायावर बसलं. पुन्हा वीतभर उत्तरेला सरकलेलं, पण तेवढं चालायचंच.

दुसऱ्या दिवशी रविवार. लोक आले आणि गपचूप आपापल्या जुन्या जागी जाऊन बसले, सातव्या रांगेपासून मागे. जणू काल काही झालंच नाही. पिकेन्सबाई आपल्या कोपऱ्यात. बॅस्कम आपल्या बाकावर, नव्या जागेत वारा किती येतो यावर कुरकुरत. पहिल्या रांगेत मात्र दोघं बसली होती. एक लिओटा, हॅट निळी. दुसरा आन्सगार त्वेइत, नवीन कॉलरमध्ये गुदमरलेला, हातात प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरलेलं.

लुथरन माणूस. त्याच्याकडे बसण्या-उठण्याचा वेगळा हिशेब. पुढे बघायला कुणी नाही, समोर फक्त तो किल्लीवाला संत. उपासना मध्यावर आली. सगळ्यांनी उभं राहायची वेळ आली, आणि आन्सगारनं धाडकन गुडघे टेकले.

लिओटाला कळलं. तिला प्रत्येक ओळ पाठ होती. कोट हळूच ओढला असता तरी तो उठला असता. तिनं त्याच्या वाकलेल्या रुंद पाठीकडे बघितलं, त्याच्या कानामागे राहून गेलेल्या साबणाच्या ठिपक्याकडे बघितलं, आणि ती त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली.

मागे पिकेन्सबाईंना पुढे काहीतरी खाली गेल्याचं दिसलं. त्या टेकल्या. पिकेन्सबाई टेकल्या म्हणून लूमिस बहिणी टेकल्या, त्या टेकल्या म्हणून डॉक्टर, डॉक्टरांमुळे बॅस्कम, आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळं चर्च गुडघ्यांवर आलं. एकटे फादर एम्ब्री उभे होते. त्यांनी पुस्तकात बघितलं, लोकांकडे बघितलं, पुन्हा पुस्तकात बघितलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि तेही टेकले.

त्याला आता किती वर्षं झाली. लिओटा आणि आन्सगार दोघंही खिडकीखालच्या दफनभूमीत आहेत. बाहेरगावचे फादर येतात आणि विचारतात की तुमच्याकडे नेमकं इथं गुडघे का टेकतात, हे तर कुठल्याच पुस्तकात नाही. आम्ही सांगतो, इथं तशी पद्धत आहे.